रत्नागिरीच्या दमट हवेत बांबू, केन, डब्ल्यूपीसी… खरंच टिकतं का?

शुभांगी_र

नमस्कार मंडळी. घर रत्नागिरीत, समुद्र हाकेच्या अंतरावर. सासऱ्यांनी बांधलेल्या घराला मागच्या अंगाला दोन खोल्या वाढवल्यात. आता त्यांचं फर्निचर करायचंय: दोन कपाटं, एक पलंग, पुढे बसायला काहीतरी आणि बेसिनखालचं छोटं कपाट.

लेक पुण्याला असते. तिने रोज रात्री फोटो पाठवायचा सपाटा लावलाय. गोल वळणाचा सोफा, त्यावर पांढरं गुबगुबीत कापड. उभ्या पन्हळीची दारं. केनच्या, म्हणजे वेताच्या, जाळीचं कपाट. बांबूच्या फळ्यांचा पलंग. दुधा-ज्यूसच्या खोक्यांपासून केलेली बाकं. काल तर अळंबीपासून "वाढवलेला" दिवा! तिचं म्हणणं, जग कुठे चाललंय आणि आई, तू अजून सनमायकातच.

आमच्या मिस्त्रींचं एकच पालुपद: "वहिनी, सागवान नाहीतर मरीन प्लाय. बाकी सगळं पहिल्या पावसात बोलायला लागतं." सागाचा भाव ऐकल्यापासून यजमानांनी विषयच बंद केलाय.

जून ते सप्टेंबर आमच्याकडे चपलांवरसुद्धा बुरशी येते. एमडीएफचं टीव्ही युनिट खालून पावासारखं फुगलंय. तर यातलं नवीन काय घ्यावं आणि कशाला हात लावू नये? ज्यांनी हे सामान हाताळलंय त्यांनी सांगा. दुकानदारांचे व्हिडिओ बघून झालेत.

रंधा

शुभांगीताई, मी सावंतवाडीचा. सुतारकाम वडिलांचं, वर्कशॉप माझं. तुमचे मिस्त्री चूक नाहीत, पण मरीन म्हणून दुकानातून जे येतं ते मरीन असतं का, हे त्यांना विचारा. शिक्का आयएस ७१० हवा, ते पाण्यात टिकणाऱ्या प्लायचं भारतीय मानक. आयएस ३०३ लिहिलेला म्हणजे साधा प्लाय, त्यात एमआर (नुसती ओल सोसणारा) आणि बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला दाद न देणारा) असे दोन. एमआर कोकणात घेऊच नका. आणि शिक्का काय, कुणीही मारतो. एक तुकडा कापून घ्या आणि जुन्या पातेल्यात उकळा. ७१० ची प्रयोगशाळेतली चाचणी ७२ तास उकळण्याची असते; खोटा माल दुपारच्या जेवणापर्यंतच थर सोडतो.

आता नव्या सामानाकडे. माझा हिशोब एकच आहे. मटेरियल सागाचं असो की प्लास्टिकचं, ते मरतं कडेतून आणि स्क्रूच्या भोकातून. कॅटलॉगमध्ये फोटो असतो मधल्या गुळगुळीत भागाचा. तुम्ही नमुना मागाल तेव्हा त्याची कापलेली कड बघा, कडेत एक स्क्रू मारा, काढा, परत मारा. दुसऱ्यांदा पकडला नाही तर त्या मालाचं दार करायचं नाही. मग दुकानदार काहीही सांगो.

तुमचं टीव्ही युनिट याच कारणाने गेलं. एमडीएफ म्हणजे लाकडाचा कापूस दाबून केलेली फळी. वरून लॅमिनेट, तीन बाजूंना कडपट्टी, आणि जमिनीला टेकलेली चौथी कड उघडी. कोण वाकून बघतंय? लादी पुसायचं पाणी रोज तिथून आत. एचडीएचएमआर हा त्याचा दणकट भाऊ, जास्त घट्ट दाबलेला, ओल बऱ्यापैकी सोसतो. दारांना, पन्हळी कोरायला उत्तम. पण वजन फार, त्यामुळे बिजागऱ्या वाढवाव्या लागतात. आणि उघडी कड त्यालाही चालत नाही.

डब्ल्यूपीसी बेसिनखाली डोळे झाकून वापरा. लाकडाचा भुसा आणि पीव्हीसी, पाण्याने काही होत नाही, वाळवीला त्यात खायला काही नाही. पण म्हणून अख्खं कपाट त्याचं करू नका. पुस्तकांची किंवा गोधड्यांची तीन फुटी फळी केलीत तर वर्षभरात मध्ये बाक येतो आणि तो परत सरळ होत नाही. कडेतला स्क्रू सैल पडतो तो वेगळाच.

बांबूबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तो आपल्या दारातला आहे. आपला माणगा जवळपास भरीव असतो, काटे नाहीत, सरळ जातो. फर्निचरला याच्याइतका सोयीचा बांबू मी तरी हाताळलेला नाही. २०१७ साली कायदा बदलला, जंगलाबाहेरचा बांबू "झाड" या व्याख्येतून निघाला, तेव्हापासून खासगी जमिनीतला माल तोडणं-नेणं सोपं झालंय. कुडाळला कोनबॅक ही संस्था २००४ पासून याच कामात आहे. तिथे एकदा जाऊन खुर्च्या आणि जोड बघून या, फोटोपेक्षा जास्त कळेल.

बांबूचा शत्रू पाणी नंतर, आधी भुंगेरा. बांबूत पिष्ट असतं, त्यासाठी तो येतो. पलंगाखाली सकाळी पिवळट पिठासारखी भुकटी दिसली की समजायचं, आत जेवणावळ सुरू आहे. म्हणून बांबू तीन-चार वर्षांचा पक्का हवा, पावसाळा संपल्यावर कापलेला, आणि बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात मुरवलेला. एक भाग बोरिक, दीड भाग बोरॅक्स, एकूण पाच-सहा टक्के. "ट्रीटमेंट केलीय" एवढ्यावर विश्वास ठेवू नका. कशात, किती दिवस, काठी आडवी बुडवली की नुसता ब्रश फिरवला, हे विचारा. उत्तर देताना समोरचा चाचरला की उठा. आणि हे औषध पावसाच्या पाण्यात धुऊन जातं, त्यामुळे असा बांबू उघड्या अंगणात ठेवायचा नाही. पडवी चालेल, पागोळ्या नकोत.

लेकीने पाठवलेला पलंग गोल बांबूचा नसणार, फळ्यांचा असणार. बांबूच्या पट्ट्या काढून, तासून, औषधात उकळून, वाळवून, गोंद लावून गरम दाबाखाली चिकटवतात. दुसरा प्रकार तंतू चेचून राळेत दाबलेला, तो पाण्यात बुडेल इतका जड होतो. दोन्ही पलंगाला छान. तपकिरी रंगाची फळी दिसली तर तो बहुधा पॉलिश नसतो, पट्टी वाफेत भाजून आलेला रंग असतो. दिसायला देखणी, पण पांढऱ्या पट्टीपेक्षा थोडी मऊ. टेबलाला पांढरीच घ्या.

केन. इथे मी तुमच्या लेकीच्या बाजूने. चंदीगडला १९५० च्या दशकात वास्तुकार पिअर जाँनरे यांनी सरकारी कचेऱ्यांसाठी सागाच्या आणि केनच्या खुर्च्या केल्या. हलक्या, पाठीला वारा लागणाऱ्या. पुढे त्या भंगारात निघाल्या आणि परदेशातल्या लिलावात जाऊन बसल्या, इतक्या की २०११ मध्ये केंद्राला हा वारसा विकू नका म्हणून आदेश काढावा लागला. आता फॅशन म्हणून जी जाळी सगळीकडे दिसते, तिचं मूळ बरंचसं तिथे आहे. पण कोकणात तिचा उपयोग फॅशनपेक्षा मोठा. बंद कपाटातल्या साड्यांना वास येतो तो हवा कोंडल्यामुळे. दाराला जाळी लावलीत की कपाट श्वास घेतं. पावसाळ्यात जाळी थोडी सैल पडेल, घाबरू नका. बसवतानासुद्धा ती भिजवूनच खाचेत ठोकतात, सुकली की ताणते. एकच सांगणं: दोन्ही बाजूंनी लॅकर मारू देऊ नका. मागची बाजू कोरी ठेवा, म्हणजे ओल्या फडक्याने पुसून परत ताणता येते. लॅकर खाल्लेली जाळी कडक होऊन तुटते. प्लास्टिकची जाळी नको का? चालेल की, बुरशी कमी धरते. फक्त सैल पडली तर पडली.

चौकट फणसाची करा. नवीन मटेरियलच्या धाग्यात फणस काढला म्हणून हसतील लोक, पण पिवळाधमक असतो, वर्षांनी तांबूस होतो, वाळवी सहसा वाटेला जात नाही, आणि सागाच्या भावात येत नाही. तोडीची परवानगी असलेला, सुकलेला माल घ्या.

पन्हळीच्या दारांबद्दल: खाचांत धूळ, धुळीवर ओल, ओलीवर बुरशी. टूथब्रश घेऊन बसायची तयारी असेल तर करा. बाजारात चारकोल पॅनल म्हणून मिळतात त्यांत नावाला कोळसा, अंगाने बहुतेक पॉलिस्टायरीन प्लास्टिक.

नेहा_आर्कि

खोक्यांच्या बाकांबद्दल सांगते, कारण मुंबईत शाळांसाठी अशी बाकं झाली आहेत आणि मी त्या खोक्यांपासून दाबून केलेल्या पत्र्याचे नमुने कापून पाहिलेत. टेट्रापॅकच्या खोक्यात साधारण ७५ टक्के कागद, २० टक्के पॉलिथिन, ५ टक्के अ‍ॅल्युमिनियम. हे सगळं तुकडे करून गरम दाबतात; आतलं पॉलिथिनच वितळून गोंदाचं काम करतं, वेगळा गोंद लागत नाही. मला हे फार हुशारीचं वाटतं. जवळून बघितलं तर पत्र्यात चंदेरी ठिपके आणि अधूनमधून छापील अक्षरांचे तुकडे दिसतात.

रंधा म्हणतात तो कडेचा मुद्दा इथेही लागू. पत्र्यात कागद जास्त असल्यामुळे कापलेली कड सील करायलाच हवी. लोखंडी सांगाड्यावर आरपार नट-बोल्टने बसवलेलं बाक मस्त, त्यात बिजागरी बसवून कपाटाचं दार करायला मी तरी धजणार नाही. पडवीत चपला घालायला बसायचं बाक करा, लेक खूश होईल.

बांबूच्या फळ्यांवर ज्यांचा विश्वास बसत नाही त्यांनी बेंगळुरू विमानतळाचं टर्मिनल दोन बघावं. २०२२ मध्ये उद्घाटन झालं, छत भरून बांबू आहे. अर्थात तिथे एसी आहे आणि देखभालीला माणसं आहेत.

अभि_आइंडहोव्हन

अळंबीवाल्या दिव्याचं मी सांगतो, मी नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला राहतो, असले प्रयोग इथे खूप होतात. इथे दर ऑक्टोबरला डच डिझाइन वीक भरतो. एरिक क्लारेनबेक या डिझायनरची अळंबीच्या तंतूंची खुर्ची २०१३ मध्ये इथेच गाजली होती. तंत्र असं: भुसा किंवा तागासारखा काडीकचरा साच्यात भरायचा, त्यात अळंबीचे तंतू वाढू द्यायचे, ते सगळं एकमेकांत विणून टाकतात, मग भाजून वाढ थांबवायची. हातात घेतलं तर थर्मोकोलपेक्षा थोडं जड, वरून साबराच्या चामड्यासारखं मऊ. पॅकिंगला, आवाज शोषणाऱ्या भिंतींना झकास. पण ओल पितं. रत्नागिरीत नको.

त्यापेक्षा मला इथलं भंगाराचं काम जास्त भावतं. डर्क व्हान्डर कोय या डिझायनरने जुन्या फ्रिजचं प्लास्टिक दळून, कारखान्यातल्या रोबोच्या हाताने एकच लांबलचक दोरी सोडत खुर्ची "काढली". ‘पीट हाइन एक’ नावाचे दुसरे डिझायनर टाकाऊ लाकडाच्या पट्ट्यांची कपाटं १९९० पासून करतात, आणि ती नव्या लाकडाच्या कपाटांपेक्षा महाग असतात, कारण प्रत्येक तुकड्यावर माणसाचा हात फिरतो. आपल्याकडे वाडे पडतात तेव्हा तुळया-दारं कुठे जातात?

रंधा

बुरशी आमच्याकडे फुकट येते, अभि. त्यासाठी साचा कशाला!

वाड्यांच्या तुळया जातात जुन्या बाजारात, तिथून रिसॉर्टवाल्यांकडे. खिळे काढायला दिवस जातो आणि एक खिळा राहिला तर रंध्याचं पातं जातं. महाग पडणारच.

शुभांगी_र

सगळ्यांचे खूप आभार. मिस्त्रींना धागा वाचून दाखवला. फणस ऐकल्यावर त्यांचा चेहरा खुलला. जाळीची दारं त्यांनाही पटली, फक्त विचारतायत की बिजागऱ्या-स्क्रू कुठले वापरायचे, कारण पितळी सोडून सगळं गंजतं. बांबूच्या फळीत स्क्रू मारला तर फाटते म्हणतात, ते खरं का? आणि लेकीचा एकच प्रश्न: सोफा?

रंधा

स्टेनलेस ३०४ चालतं, पण तुम्ही समुद्राला इतक्या लागून असाल तर ३१६ मिळतं का बघा. लपलेल्या बिजागरीची स्प्रिंग कशाची आहे ते खास विचारा, बाहेरून चकचकीत आणि आतून साधं लोखंड असा माल खूप येतो. शंका वाटली तर पितळी बट बिजागरी आणि बाहेरून कडी, त्यात कमीपणा काही नाही. लोखंडी खिळा सागात किंवा आकेशियात अजिबात नको, ओल लागली की भोवती काळा डाग धरतो आणि तो तासूनही जात नाही.

बांबूची फळी फाटते हे खरं, भोक न पाडता मारला तर. स्क्रूपेक्षा किंचित बारीक भोक आधी पाडायचं, स्क्रूला मेण लावायचं, कडेपासून दोन बोटं आत राहायचं. चेचून दाबलेल्या फळीत तर भोक नसेल तर स्क्रूचं डोकंच तुटतं.

कपाटं जमिनीपासून चार इंच वर, ग्रॅनाइटच्या पट्टीवर, आणि भिंतीपासून दोन बोटं सुटी. पाठीला सरसकट प्लाय ठोकू नका, वरखाली फटी ठेवा.

सोफा. वळणदार काम मला आवडतं. थोनेट नावाच्या युरोपातल्या खुर्चीवाल्याने १८५९ मध्ये बीचच्या काठ्या वाफेवर वाकवून १४ नंबरची खुर्ची केली. सुटी करून घनमीटरच्या खोक्यात छत्तीस भरायचे. आत्ताचे गोल सोफे मात्र फ्लेक्सी, म्हणजे वाकणाऱ्या, प्लायचा सांगाडा आणि वर फोमच फोम असे असतात. पांढरं गुबगुबीत कापड, लाल माती आणि आपला पाऊस यांचं जमत नाही. शिवाय गोल सोफा भिंतीला लागत नाही, मागे कोपरा वाया जातो आणि तिथे झाडू पोचत नाही. फणसाच्या चौकटीवर केनची बैठक आणि वर सुट्या, उन्हात टाकता येणाऱ्या गाद्या, हे माझं मत. तरी लेकीची हौस असेल तर पुढच्या खोलीत लादीवर खडूने त्या सोफ्याचा आकार खऱ्या मापाने आखा, दोन दिवस त्याला वळसा घालून चाला, आणि मग तिला फोटो पाठवा.