प्रायव्हसी ॲपलच्या भरवशावर सोडायची का? फेसटाइमचं पेटंट प्रकरण आणि आपण

मृण्मयी_के

"प्रायव्हसी हवी ना, मग आयफोन घे" हे हल्ली इतक्या सहज बोललं जातं की त्यावर कोणी वादही घालत नाही. मला घालायचाय. आपली खासगी माहिती एखाद्या कंपनीच्या मर्जीने सुरक्षित असेल तर ती मर्जी फिरेपर्यंतच सुरक्षित राहणार, म्हणून तिला कायद्याचा आधार हवा, इतकं साधं म्हणणं आहे माझं. आणि यात पेटंटांचा हात किती आहे इकडे कोणाचं लक्षच जात नाही, म्हणून फेसटाइम या ॲपलच्या व्हिडिओ कॉलच्या सोयीचं प्रकरण सांगते.

जून २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्झने आयफोन ४ बरोबर फेसटाइम दाखवलं तेव्हा स्टेजवरूनच सांगितलं होतं की आम्ही हे खुलं स्टँडर्ड करणार, म्हणजे उद्या कुठल्याही कंपनीच्या फोनवरून आयफोनला फेसटाइम लागला असता. दोन महिन्यांत व्हर्नेटएक्स नावाच्या कंपनीने टेक्सासात केस ठोकली. ही कंपनी फोन बनवत नाही. दोन कंप्युटरमध्ये सुरक्षित जोडणी आपोआप कशी करायची याची पेटंटं तिच्याकडे होती, तीही मूळची एसएआयसी या अमेरिकी संरक्षण कंत्राटदाराकडची. नोव्हेंबर २०१२ मध्ये टायलर शहरातल्या ज्युरीने ॲपलला ३६.८ कोटी डॉलर द्यायला सांगितलं.

आता खरी गोष्ट बघा. तोवर फेसटाइमचे बहुतेक कॉल एका फोनवरून थेट दुसऱ्या फोनला जायचे, मधे कोणाचा सर्व्हर नाही. निकालानंतर ॲपलने सगळे कॉल मधल्या रिले सर्व्हरवरून फिरवले, कारण पेटंटचा दावा नेमका थेट जोडणीवर होता. म्हणजे ग्राहकाच्या दृष्टीने जी रचना जास्त चांगली तीच कोर्टकज्जामुळे काढावी लागली. आणि ते खुलं स्टँडर्ड? आजतागायत आलेलं नाही. २०२१ ला आयओएस १५, म्हणजे आयफोनच्या मूळ सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, आलं तेव्हा कुठे अँड्रॉइडवाल्याला ब्राउझरमध्ये लिंक उघडून कॉलमध्ये शिरता यायला लागलं, तेही आयफोनवाल्याने लिंक पाठवली तरच.

अजून एक. गूगलवर अमेरिकी सरकारने जो मक्तेदारीचा खटला भरला त्यात बाहेर आलेला आकडा आहे, सफारी या ॲपलच्या ब्राउझरमध्ये गूगल सर्च डिफॉल्ट ठेवल्याबद्दल गूगलने २०२२ या एका वर्षात ॲपलला २० अब्ज डॉलर दिले. प्रायव्हसीचे मोठमोठे होर्डिंग लावायचे आणि आपण सर्चमध्ये काय टाइप करतो ते ज्या कंपनीचा धंदाच जाहिरातींचा तिच्याकडे पाठवायचे पैसे घ्यायचे, हे मला पटत नाही.

सिद्धेश_बोरिवली

पूर्ण असहमत. मॅडम तुम्ही सर्चचं सांगितलंत पण २०१६ सोयीस्करपणे सोडलंत. कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोत गोळीबारात १४ लोक मेले, हल्लेखोराचा आयफोन ५सी एफबीआयला उघडायचा होता, १६ फेब्रुवारीला कोर्टाने ॲपलला आदेश दिला की पासकोडचं संरक्षण काढून टाकणारं वेगळं सॉफ्टवेअर लिहून द्या. ॲपलचा तेव्हाचा प्रमुख टिम कुक याने जाहीर पत्र लिहून नकार दिला. त्या वेळचं अमेरिकेतलं वातावरण आठवा, दहशतवाद्याला वाचवताय म्हणून लोक अंगावर आले होते, तरी माणूस हटला नाही. शेवटी एफबीआयने बाहेरच्या कोणाकडून तरी फोन उघडून घेतला आणि केस मागे घेतली. दुसऱ्या कुठल्या कंपनीने एवढं केलं असतं सांगा.

आणि एप्रिल २०२१ मधलं आयओएस १४.५. ॲप उघडलं की समोर चौकट येते, या ॲपला तुमचा माग काढू द्यायचा का, दोनच पर्याय. एवढ्या एका चौकटीने २०२२ मध्ये साधारण १० अब्ज डॉलरचा फटका बसेल असं मेटानेच, म्हणजे फेसबुकच्या कंपनीने, आपल्या गुंतवणूकदारांना सांगितलं होतं. आपल्याकडे ग्राहक म्हणून आपण कितीही आरडाओरडा केला असता तरी हे झालं नसतं, ताकदवान कंपनीच दुसऱ्या ताकदवान कंपनीला आवरू शकते.

पेटंटवाला_पुणे

मी पेटंट ड्राफ्टिंगचंच काम करतो त्यामुळे धाग्यातल्या पेटंटच्या भागावर बोलतो.

मृण्मयीताई, कॉल रिलेवरून गेला म्हणून तो मधे कोणी ऐकू शकत होतं असं अजिबात नाही, एनक्रिप्शन, म्हणजे बोलणं दोन्ही फोनशिवाय कोणाला उलगडणार नाही असं कुलूप, दोन्ही टोकांना तसंच होतं. मधल्या सर्व्हरला फार तर कोण कोणाशी जोडलंय हे दिसणार. त्यामुळे पेटंटमुळे प्रायव्हसी गेली हे जरा ताणलेलं आहे. दुसरं म्हणजे पुढचं सांगायला हवं होतं. पहिल्या केसचे सुमारे ४५ कोटी डॉलर ॲपलने २०२० मध्ये भरले हे खरं, पण दुसऱ्या केसमधला ५० कोटींच्या वरचा निकाल २०२३ ला अपील कोर्टाने रद्द केला कारण पेटंट कार्यालयाने ते दावेच बाद ठरवले होते. उशिरा का होईना, व्यवस्थेनेच दुरुस्ती केली.

आणि पेटंट म्हणजे लपवाछपवी हा गैरसमज फार पसरलाय. २० वर्षांची मक्तेदारी मिळते ती तुमची युक्ती सगळ्यांसमोर तपशिलात छापायच्या अटीवर. पेटंट नको म्हणाल तर कंपन्या सगळं ट्रेड सिक्रेट म्हणून कपाटात ठेवतील, मग फोन आत काय करतोय ते तपासणार कसं? आपल्या पेटंट कायद्यात तर कलम ३(के) आहेच, नुसत्या कंप्युटर प्रोग्रॅमला भारतात पेटंट मिळत नाही, तांत्रिक परिणाम दाखवावा लागतो, २०१९ मध्ये दिल्ली हायकोर्टाने फरीद अल्लानी प्रकरणात हेच स्पष्ट केलं. अमेरिकेतला गोंधळ सगळ्या जगावर लावू नका.

शर्वरी_जे

धागा आवडला, मृण्मयीला अनुमोदन. ॲपलच्या चौकटीबद्दल एवढंच की मार्च २०२५ मध्ये फ्रान्सच्या स्पर्धा नियामकाने त्याच चौकटीवरून ॲपलला १५ कोटी युरोचा दंड केलाय, राबवायची पद्धत इतरांवर अन्याय करणारी होती म्हणून. आणि ॲपलचा स्वतःचा जाहिरातींचा धंदा आहेच की ॲप स्टोअरमध्ये.

अक्षय_नांदेड

मंडळी तुम्ही सगळे ८० हजाराच्या फोनवर भांडताय. माझं मोबाइलचं दुकान आहे. माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक १० ते १५ हजारातला फोन मागतं, त्यात शेतकरी आहेत, कॉलेजची पोरं आहेत, पहिल्यांदा स्मार्टफोन घेणाऱ्या बाया आहेत. फोन डब्यातून निघाला की गिऱ्हाईक म्हणतं भाऊ तुम्हीच चालू करून द्या. मग आमचा पोरगा बसतो आणि ज्या ज्या स्क्रीनवर हो की नाही विचारलंय तिथे हो, हो, अलाऊ, अलाऊ, पुढे, पुढे. लोकेशन, कॉन्टॅक्ट, वापराची माहिती कंपनीला पाठवू का, जाहिराती तुमच्या आवडीप्रमाणे दाखवू का, सगळं हो. दोन मिनिटात फोन हातात. ज्याची परवानगी आहे त्याने त्या ओळी बघितलेल्याही नसतात. मी मधे पडून सांगितलं की हे बंद ठेव तर पोरगा म्हणतो मालक मागे चार जण उभे आहेत.

आणि हे फोन स्वस्त का पडतात तेही बघा. शाओमीने २०१८ मध्ये स्वतःच जाहीर केलं होतं की हार्डवेअरवर ५ टक्क्यांपेक्षा जास्त निव्वळ नफा घेणार नाही. मग उरलेली कमाई कुठून, तर आधीच भरलेली ॲप आणि फोनभर जाहिराती. त्यात पेटंटचा खर्च वेगळा. एरिक्सन या परदेशी नेटवर्क कंपनीच्या पेटंट केसमध्ये २०२४ ला दिल्ली हायकोर्टाने लावाला २४४ कोटी भरायला सांगितले, लावा म्हणजे आपली नोएडाची कंपनी. अशा कंपनीने पैसा आणायचा कुठून? ग्राहकाच्या माहितीतूनच ना?

पेटंटवाला_पुणे

अक्षयभाऊ दुकानातलं जे सांगितलंत ते एकदम खरं आहे पण शेवटचा सांधा जुळत नाही. एरिक्सनची ती पेटंटं नेटवर्कच्या स्टँडर्डमधली आहेत, ती न वापरता फोन टॉवरला लागणारच नाही, आणि ते संशोधन करायला त्यांनी वर्षानुवर्षं पैसा घातलाय. वाजवी दराने रॉयल्टी द्या एवढंच कोर्ट म्हणतं. रॉयल्टी माफ केली तर जाहिराती बंद होतील असं तुम्हाला खरंच वाटतं? जाहिरातीचा पैसा दिसला की कोणीच सोडत नाही, महागड्या फोनवालेही नाही.

मृण्मयी_के

पेटंटवाला, तुमच्या मुद्द्यांना एकेक करून उत्तर देते.

कॉल कोणी ऐकत होतं असं मी म्हटलेलंच नाही. पण कोण कोणाशी, कधी, किती वेळ जोडलं होतं हे तुम्ही "फार तर" म्हणून सोडून देताय आणि माझ्या मते तिथेच सगळा खेळ आहे. एखादी बाई रात्री अकराला वकिलाला फोन करते, लगेच आईला, मग बँकेच्या हेल्पलाइनला. शब्द एकही न ऐकता घरात काय चाललंय ते कळतं की नाही? व्यवस्थेने दुरुस्ती केली म्हणता, ती २०२३ मध्ये, म्हणजे पहिली केस टाकल्यापासून जवळजवळ १३ वर्षांनी, तोवर खुलं स्टँडर्ड मेलं होतं. निकाल रद्द झाला म्हणून ते कोणी परत आणलं नाही.

आणि पेटंट नको म्हटलं तर सगळं कपाटात जाईल याला सरळ उत्तर सिग्नल प्रोटोकॉल, म्हणजे मेसेजला कुलूप घालायची एक पद्धत. उघड छापलेला, कोड कोणीही वाचावा, आणि एप्रिल २०१६ मध्ये तोच वापरून व्हॉट्सॲपने १ अब्जाहून जास्त लोकांचे मेसेज एनक्रिप्ट केले. आपल्या गावातल्या आजीच्या साध्या अँड्रॉइडवरही तेच गणित चालतं जे तुमच्या महागड्या फोनवर चालतं. मला प्रायव्हसी अशी हवी आहे, किमतीवर न ठरणारी.

सिद्धेश, २०१६ ला कुक उभा राहिला हे मी मान्यच करते, मोठं काम होतं. पण त्याच केसमध्ये त्या माणसाचा आयक्लाउड बॅकअप, म्हणजे ॲपलच्या सर्व्हरवर ठेवलेली फोनमधल्या माहितीची प्रत, ॲपलने वॉरंट आल्यावर देऊन टाकला होता, कारण किल्ली त्यांच्याकडे होती. आजही ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन, म्हणजे किल्ली फक्त आपल्याकडे ठेवणारी सोय, स्वतः जाऊन चालू केलं नाही तर बॅकअपची किल्ली ॲपलकडेच असते. किती जणांनी चालू केलंय?

विलायती_वहिनी

मी इंग्लंडात राहते, इथे चालू करायचं म्हटलं तरी होत नाही. ब्रिटन सरकारने गुप्त नोटीस काढून मागच्या दाराची, म्हणजे कुलूपबंद बॅकअप सरकारला उघडता येईल अशा वाटेची, मागणी केली, ॲपलने मागचं दार दिलं नाही पण फेब्रुवारी २०२५ मध्ये नवीन लोकांसाठी ती सोयच इथून काढून घेतली. सेटिंगमध्ये जाऊन बघितलं तर तुमच्या देशात हे देता येत नाही अशा अर्थाची ओळ येते. तोच फोन घेऊन माझा भाऊ ठाण्यात बसलाय, त्याच्याकडे चालू आहे. त्यामुळे मला मृण्मयीला विचारावंसं वाटतं, कंपनीची मर्जी नको म्हणून कायदा आणायचा म्हणता, पण इथे तर कायद्यानेच काढून घेतलं ना.

सिद्धेश_बोरिवली

बरोब्बर! हेच मला म्हणायचं होतं. आपल्याकडे पण बघा ना, २०२५ च्या शेवटी दूरसंचार खात्याने सगळ्या नवीन फोनमध्ये सरकारचं संचार साथी ॲप आधीच टाकून द्या म्हणून आदेश काढला होता, बोंबाबोंब झाली म्हणून काही दिवसात सक्ती मागे घेतली. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा कंपनीला २५० कोटींपर्यंत दंड करतो पण कलम १७ मध्ये सरकारी यंत्रणांना सूट द्यायची तरतूद करून ठेवलीय. मग माझ्या आईचे फोटो मी कोणाच्या जिवावर ठेवू? मी तरी ज्या कंपनीचा फोन विकला जाण्यासाठी प्रायव्हसी टिकवणं भाग आहे तिच्यावर ठेवीन. तिला निदान धंद्याची भीती आहे.

मृण्मयी_के

वहिनींचा प्रश्न रास्त आहे. सरकारच्या हातात कोरा चेक द्या असं मी म्हणतच नाहीये, कलम १७ वर माझाही तेवढाच राग आहे. पण बोंबाबोंब झाली आणि आदेश मागे गेला हे तुम्हीच लिहिलंत, ती बोंब मारायचा आधार कुठून आला? २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की प्रायव्हसी हा मूलभूत अधिकार आहे, तिथून. सरकारविरुद्ध आपण कोर्टात जाऊ शकतो. ॲपलने उद्या भारतात एखादी सोय काढली तर कुठे जाणार, कस्टमर केअरला?

अक्षय, एक विचारायचं होतं. कर्ज देणारी ॲप कॉन्टॅक्ट लिस्ट उचलून नातेवाइकांना फोन करायची, तो प्रकार तुमच्याकडे अजून येतो का?

अक्षय_नांदेड

आधी फार यायचा ताई. पोरगं रडत यायचं, घरच्यांना, मास्तरांना, गावातल्या सरपंचाला फोन गेलेत, ॲप काढून द्या म्हणायचं, पण यादी तर आधीच गेलेली असायची, काढून काय होणार. मग सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम काढला की कर्जाच्या ॲपने कॉन्टॅक्ट, कॉल लॉग, फाइल यांना हात लावायचा नाही, आणि त्यानंतर मे २०२३ च्या शेवटापासून गूगलनेही प्ले स्टोअरवर अशा ॲपना कॉन्टॅक्ट आणि फोटो बंद केले. प्ले स्टोअरवरचा त्रास माझ्याकडे तरी बराच कमी झालाय. आता येतात ते टेलिग्रामवरून एपीके, म्हणजे ॲपची सुटी फाइल, टाकून घेतलेले, तिथे ना रिझर्व्ह बँक पोचते ना गूगल. तुमच्या चर्चेनंतर मी पोराला सांगितलंय की बाहेरून ॲप टाकायची सेटिंग बंद आहे का ते गिऱ्हाइकाला दाखवूनच फोन द्यायचा, मागे कितीही जण उभे असू देत.

सिद्धेश_बोरिवली

अक्षयभाऊ हे भारी. पण मुद्दा तोच राहिला, रिझर्व्ह बँकेचा नियम कागदावर होता, ॲपचा हात प्रत्यक्षात धरला तो गूगलने.

मृण्मयी_के

गूगलने धरला, पण रिझर्व्ह बँकेने आधी सांगितल्यावर. तोच गूगल त्याआधी वर्षानुवर्षं ती ॲप आपल्या दुकानात मांडून बसला होता.