डिसेंबरात आईबाबा इंदूरला येतायत, सराफ्यात नेमकं काय खाऊ घालू?

पुण्याची_पाहुणी
नोकरीमुळे यंदा इंदूरला आले, विजय नगरच्या बाजूला राहते. आत्तापर्यंत खाणं म्हणजे ऑफिसचं कॅन्टीन नाहीतर अ‍ॅपवरून मागवायचं, त्यामुळे ज्यासाठी लोक मुद्दाम इंदूरला येतात ते मी धड खाल्लेलंच नाही. ऑफिसच्या गँगबरोबर सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, गेले होते पण रात्रीचे बारा वाजलेले, तोबा गर्दी, आणि सगळ्यांनी मिळून काय खाल्लं तर चीज घातलेलं काहीतरी आणि ते पेटवलेलं पान. अरे ते तर एफसी रोडला पण मिळतं ना. आता आईबाबा येतायत, बाबा पक्के खवय्ये पण शुगर आहे, आणि फिरायला मिळतोय शनिवार तर आईचा नेमका शनिवारचा उपास. इथलं अस्सल म्हणावं असं काय, कुठे आणि किती वाजता खायचं, प्लीज सांगा.

माळव्यातला_मराठी
ताई डिसेंबर म्हणजे तुम्ही एकदम बरोबर वेळ साधलीत, कारण गराडू थंडीतच मिळतो. आपल्या कोनफळाच्या जातीचाच कंद, पण आतून पांढरा. फोडी तळून ठेवतात, तुम्ही मागितल्या की परत कढईत टाकतात, बाहेरून कडक आतून मऊ, वरून त्याचा खास मसाला आणि लिंबू. गार झाला की मजा गेली, उभ्या उभ्याच खायचा. दुसरं भुट्ट्याचं कीस, कोवळी कणसं किसून तुपात मोहरी हिंग मिरचीवर परततात आणि दूध घालून शिजवतात, वर खोबरं कोथिंबीर. भुट्टा खरा पावसाळ्यातला पण सराफ्यात एरवीही मिळतं. मग विजय चाटचे खोपरा पॅटिस, आत ओल्या नारळाचं सारण असतं, आणि जोशींचा दहीबडा, तिथे द्रोण हवेत उडवून झेलायचा खेळ बघायला गर्दी असते पण बडासुद्धा खरंच चांगला, बाबांना चालेल, वरची गोड चटणी नको म्हणा. आणि वेळेचं म्हणाल तर सोन्याचांदीची दुकानं बंद व्हायला लागली की तिथेच खाण्याची लागतात, साडेआठ-नऊला पोचा. बारा वाजता जाणं म्हणजे नुसते धक्के. गाडी राजवाड्याच्या आसपास कुठेतरी लावून चालत जा, मागेच आहे. तिघांत एक प्लेट घ्या, नाहीतर दुसऱ्या ठेल्यावरच पोट भरेल.

शिप्राकाठची
आईंच्या उपासाचं मी सांगते. साबुदाण्याची खिचडी सराफ्यात फेमस आहे पण आपल्यासारखी दाण्याचं कूट घालून परतलेली नाही हां. साबुदाणा वाफेवर गरम ठेवलेला असतो आणि तुमच्यासमोर त्यात मसाला, लिंबू, कोथिंबीर आणि बटाट्याचं फरियाली (म्हणजे उपासाचं) मिक्स्चर कालवून देतात. चवीला फार छान लागते पण उपासाला म्हणून घेणार असाल तर आधी बोला, इथे "फरियाली" म्हटलं की लगेच कळतं. साधं मीठ नको, सेंधा (सैंधव) घाला, आणि मसाल्यात काय काय आहे तेही विचारा, कारण हिंग हळद काही घरांत चालते काहींत नाही. गराडू कंद असला तरी त्याच कढईत दुसरं काही तळतायत का बघून घ्या, माझ्या सासूबाई एवढ्यावरून परत फिरतात 😄

दादरकर_सध्या_इंदूर
माझं मत जरा वेगळं आहे. सराफा आता रील्सवाल्यांचा झालाय, त्यापेक्षा सकाळी छप्पन दुकान या खाऊगल्लीत न्या, मोकळं आहे, स्वच्छ आहे, वयस्कर माणसांना बसता येतं. फक्त पोह्यांकडून फार अपेक्षा ठेवू नका, कांदेपोहे ते कांदेपोहे. इथले फिके आणि गोडसर, म्हणून वर एवढी शेव घालावी लागते.

माळव्यातला_मराठी
अरे भिया, पोह्यांना हात लावायचा नाही! फिके नाहीत, वाफवलेले आहेत. भिजवलेल्या पोह्यांना मीठ साखर हळद लावतात, धणे बडीशेपेची हलकी फोडणी, आणि मग उकळत्या पाण्याच्या भांड्यावर परात ठेवलेली, म्हणून शेवटच्या गिऱ्हाइकालाही मऊ आणि गरम मिळतात आणि तेल तर अगदीच कमी. चव येते ती जिरावणाने (वरून भुरभुरायचा मसाला), शेवेने आणि वरच्या कच्च्या कांद्याने. तुम्ही जिरावण न घालता खाल्लेत का? १८१८ ला होळकरांची राजधानी इथे आली, आमची आजी म्हणायची पोहे आपणच इकडे आणले, मग इथल्या लोकांनी सुधारले. झणझणीतच हवं असेल तर राजवाड्याकडे सकाळी उसळपोहे खा, मग बोलू. छप्पनचं मात्र पटलं, वयस्कर लोकांना सोयीचं आहेच.

गोडघाशी
गोडाचं कोणीच नीट लिहिलं नाही म्हणून. मावाबाटी म्हणजे माव्याचा भला मोठा गोळा, आत सुकामेवा, तळून पाकात. एक घेऊन चौघांत खा, एकट्याने खायचं काम नाही. थंडीत मुगाचा हलवा मिळतो, शंभर ग्रॅम तोलून मागा, देतात, बाबांना त्यातला एक चमचा द्या आणि वाटी स्वतःकडे ठेवा (आमच्याकडे हाच नियम आहे). मोठा जलेबा फोटोपुरता ठीक, खायची असेल तर पातळ जिलबी घ्या आणि ती सकाळी पोह्यांबरोबर, रात्री नाही. शिकंजीच्या नावावर लिंबूपाणी समजून मागवू नका, इथे ती दाट दुधाची, केशर सुकामेवा घातलेली, किंचित आंबूस असते, ग्लासभर पिऊन झाल्यावर पुढे काही जात नाही. म्हणून सगळ्यात शेवटी, आणि बाबांसाठी नकोच. पुण्याला न्यायला मावाबाटी नेऊ नका, रस्त्यात वास लागेल. रतलामी शेव न्या, लवंगेची तिखट असते ती, जीआय मानांकनवाली.

पुण्याची_पाहुणी
बापरे, सगळ्यांना खूप थँक्यू. म्हणजे सकाळी छप्पनला पोहे-जिलबी, आईला तिथे फळं, आणि रात्री नऊच्या आत सराफा, असं ठरवते. ते जिरावण सुटं घेऊ का पाकिटातलं?

शिप्राकाठची
चांगला खप असलेल्या नमकीनवाल्याकडून घे, सुटं असलं तरी चालेल, फक्त आधी वास घेऊन बघ, हिंग आणि आमचूर नाकात जायला हवं. पाव किलो नको, शंभर ग्रॅम पुष्कळ होतं, आणि घरी आल्यावर घट्ट झाकणाच्या बरणीत भर, पुण्याच्या पावसाळ्यात त्याचा लगदा होतो.