भिंतीवरच्या पेन्सिलच्या रेघा : स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतरचा व्यायाम, कोविडच्या दिवसांतला. तुमचे अनुभव सांगा

पहाटवारा
घराला रंग द्यायचा म्हणून काल कपाट सरकवलं, तर मागच्या भिंतीवर पेन्सिलच्या आडव्या रेघा. मी विसरूनच गेले होते. प्रत्येक रेघेशेजारी तारीख, अक्षर लेकीचं. सगळ्यात खालची ४ जून २०२०, जेमतेम माझ्या खांद्याइतकी. रंगारी ब्रश घेऊन उभा होता, त्याला म्हटलं आजचा दिवस ही भिंत राहू दे.

डावा स्तन पूर्ण काढला, काखेतले सतरा नोड, म्हणजे लसिका ग्रंथी, काढले. केमो आधीच झाली होती, ऑपरेशन मेच्या मध्यावर. हॉस्पिटलात सोबत कुणाला सोडत नव्हते. दुसऱ्या दिवशी फिजिओ आल्या त्या पीपीई किटमध्ये, चेहरा दिसलाच नाही, फक्त चष्म्यावर साचलेली वाफ. पाच मिनिटांत मूठ उघड-मीट, कोपर वाकवणं, खांदे मागे फिरवणं दाखवलं आणि हातात एक कागद दिला. ड्रेन, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या, असेपर्यंत हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, मग भिंतीवर बोटं चालवायची. पुढचं सगळं फोनवर.

दोन नळ्या होत्या. एक आठव्या दिवशी निघाली, दुसरी सोळाव्या. तोवर हात अंगाशी इतका धरून ठेवला होता की तो माझाच वाटेनासा झाला होता. भिंतीसमोर उभं राहून दोन बोटं वर चढवायची, काख ओढायला लागली की थांबायचं, पाच श्वास, खाली. लेक तेव्हा तेराची. मी टाचा उचलून कालची रेघ गाठायला बघायचे. ती खाली बसून माझ्या टाचा धरून ठेवायची. "आई, टाचा खाली. ही धरणार नाही मी."

घाई होती रेडिएशनची. त्या टेबलावर हात डोक्याच्या वर ठेवून अजिबात न हलता पडून राहावं लागतं. त्याच्या आखणीचा स्कॅन २ जुलैला होता. ३० जूनची रेघ सगळ्यात जाड आहे, तिने तीनदा गिरवलेली.

तो कागद डिस्चार्जच्या फायलीत बिलांच्या मागे लावून दिला होता. औषधांच्या चिठ्ठीइतकाच मोलाचा होता, आणि हे कुणी तोंडाने सांगितलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं. या वाटेने गेलेल्यांनी लिहा. लहानसहान असेल तरी लिहा.

निळी छत्री
टाचा खाली!! डोळ्यांत पाणी आलं गं.
माझी दोरी. काखेतून निघून पार कोपराच्या आतपर्यंत, हात बाजूला केला की कातडीखाली तारेसारखी ताठ दिसायची. मला वाटलं आतला टाका सुटला. रात्री अकराला फिजिओला फोटो पाठवला, त्यांनी लगेच फोन केला. म्हणाल्या घाबरू नका, याला अ‍ॅक्सिलरी वेब सिंड्रोम म्हणतात, काखेच्या ऑपरेशननंतर बऱ्याच जणींना होतं. हात अंगाशी धरून बसू नका, रोज हळूहळू ताणा. व्हिडिओ कॉलवर फोन खुर्चीवर टेकवून करायचे, त्यांना कधी माझा हात दिसायचा, कधी नुसता पंखा. तीन आठवड्यांनी ताणताना टक् असा आवाज झाला आणि हात एकदम मोकळा. आधी किंचाळले, मग हात वर करून घरभर फिरले.

सुईदोरा
सतरा नोड म्हणजे बरेच. माझं फक्त सेंटिनल झालं होतं, म्हणजे कॅन्सर पसरला तर आधी ज्या नोडमध्ये जातो तेवढेच काढून तपासतात, दोनच काढले, त्यामुळे मी फार लवकर बरी झाले. नंतर लिहिते, दारावर कुणीतरी आलंय

पायवाट
मी ऑपरेशनआधी रोज पळायचे. जिम बंद, बागा बंद. या टोकाच्या खिडकीपासून त्या टोकाच्या दारापर्यंत अठरा पावलं, तेवढंच माझं मैदान. पहिल्या दिवशी दहा फेऱ्यांत दम लागला आणि मी जमिनीवर बसून रडले. केमोचा थकवा झोपून जात नाही, हे मला फार उशिरा कळलं. थोडं चाललं की उलट हलकं वाटायचं.

पण मला लिहायचंय ते वजनाबद्दल. मला सांगितलेलं, नोड काढलेल्या बाजूच्या या हाताने आयुष्यभर दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही, नाहीतर हात सुजेल. मी खांद्याला पर्ससुद्धा लावत नव्हते. हात काडीसारखा झाला. मग एका मैत्रिणीने दाखवलं की २००९ सालीच न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये १४१ बायकांवरचा अभ्यास आलेला आहे, सगळ्यांच्या हाताला आधीपासून सूज असलेल्या. त्यातल्या साधारण निम्म्यांनी आठवड्यातून दोनदा, अगदी हळूहळू वाढवत वजनं उचलली. त्यांची सूज बाकीच्यांपेक्षा वाढली नाही, उलट मध्येच बळावायचं प्रमाण कमी झालं. अकरा वर्षं जुनी गोष्ट, आणि मी पर्सला घाबरत होते! राग आला खूप. अर्धा किलोपासून सुरू केलं, हाताचा घेर दर रविवारी टेपने मोजत. आता आठ किलो उचलते. स्वतःच्या मनाने करू नका, फिजिओला विचारून करा, पण घाबरून हात वाळवू नका हो.

दवबिंदू
@पायवाट अठरा पावलं वाचून हसू आलं, आमच्याकडे बारा होती. वळून वळून चक्कर यायची :)
त्या हातावर बीपी घेऊ द्यायचं की नाही? दर वेळी नर्सशी वाद होतो.

निळी छत्री
@दवबिंदू मी सरळ दुसरा हात पुढे करते, विषयच संपतो.
लशीच्या वेळीही तेच केलं, २०२१ मध्ये. आणि ऐका, लस घेतली की त्या बाजूच्या काखेत नोड सुजू शकतात. मला चौथ्या दिवशी चांगल्या बाजूला गाठ लागली. दोन रात्री झोप नाही. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि थांबून बघू म्हणाले, सहा आठवड्यांत गेली. त्या दोन रात्री मी कुणाला सांगितल्याच नाहीत, आज पहिल्यांदा लिहितेय.

पहाटवारा
अगं निळी. जवळ असतीस तर हात धरला असता.

रिकामा झोका
मी पुरुष आहे, इथे लिहावं की नाही असा विचार करत होतो. स्तनाच्या कॅन्सरच्या दर शंभरात साधारण एक रुग्ण पुरुष असतो, त्यातला मी. व्यायामाच्या कागदावर सगळी चित्रं बायकांची. ती बघून मी तो घडी करून खिशात ठेवला आणि महिनाभर काहीच केलं नाही. खांदा धरला. सदरा चढवताना बायकोला बाही धरावी लागायची. मग तिनेच काठी आणली, दोन्ही हातांत आडवी धरून वर न्यायची, चांगल्या हाताने दुखऱ्याला उचलायचं. समोर उभी राहून तीही करायची. भिंतीला टेकून दंड काढायला लागलो तेव्हा सहा महिने झाले होते. पहाटवारा, धागा काढल्याबद्दल मनापासून आभार.

दवबिंदू
झोकादादा, बरं झालं लिहिलंत. इथेच लिहायचं.

बोरू
मी लेक म्हणून लिहितेय. आई अडुसष्टची, ऑपरेशननंतर लेट्रोझोल सुरू झालं, इस्ट्रोजेन हार्मोन कमी करणारी गोळी. सकाळी बोटं इतकी आखडायची की बाटलीचं झाकण उघडत नसे. गोळी बंद करते म्हणाली. डॉक्टरांनी सांगितलं चालणं वाढवा, त्याने सांधे थोडे सुटतात, आणि हाडांसाठीही हवंच, ही गोळी हाडं ठिसूळ करते. पण बाहेर पडायची सोय नाही. मग मावशी धावून आली, फोनवरून. दोघी रोज पाचला व्हिडिओ लावून खुर्चीतून उठ-बस करायच्या. दहा उठ-बशा आणि अर्धा तास गप्पा. मावशीला कसलाही आजार नव्हता, तिचेही गुडघे सुधारले. अजून चालू आहे. काल भांडण झालं म्हणून मौन होतं, पण उठ-बशा झाल्या!

सुईदोरा
आले परत. मी नौका वल्हवायला जाते हल्ली. १९९६ मध्ये व्हँकुव्हरला डॉन मॅकेन्झी नावाच्या डॉक्टरांनी स्तनाच्या कॅन्सरमधून गेलेल्या चोवीस बायकांना ड्रॅगन बोटीत, म्हणजे अनेकांनी मिळून वल्हवायच्या लांब नावेत, बसवलं होतं. तेव्हा समज असा की हाताला असा जोराचा, पुन्हा पुन्हा व्यायाम दिला की सूज येणारच. एकीलाही सूज आली नाही. मला कुठलीही बोट मिळाली असती तरी चाललं असतं. दोन वर्षं घरात बसून पाणी बघायचं होतं.
बाकी समोरून चेन असलेली स्पोर्ट्स ब्रा घ्या, डोक्यातून काढायची घेऊ नका, घामाने चिकटली की खांदा मुरगळतो.

पायवाट
@सुईदोरा कप्पा असलेली का? माझी काढलेल्या स्तनाच्या जागी घालायची सिलिकॉनची गादी पळताना सरकते. आधी कापसाचीच वापरायचे पण ती इतकी हलकी की एका बाजूला कललेय असं वाटायचं

सुईदोरा
कप्प्याची. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

कोपरा
सगळं वाचलं, दोनदा. माझं ऑपरेशन होऊन आठ दिवस झालेत, महामारी नाही पण घरात एकटीच आहे. एक नळी अजून आहे. हात किती वर नेऊ? मला खांद्यापर्यंतही भीती वाटते.

पहाटवारा
नळी आहे तोवर खांद्याच्या वर नाही. मूठ, कोपर, खांदे मागे, दिवसातून तीन-चारदा. ओढ बसली तर चालेल, कळ आली तर थांब. टाका लाल दिसला, ताप आला, हात अचानक सुजला तर रात्र असली तरी फोन कर त्यांना. आणि इथे रोज लिही, मी बघेन.

निळी छत्री
मीही.

कोपरा
नळी परवा निघतेय. माझ्याकडे पेन्सिल लागणार नाही, न्हाणीघराला वरपर्यंत टाइल्स आहेत. आत्ता जाऊन मोजल्या. खांद्यासमोर सातवी येते, छताखाली सोळावी.