मदत हवी आहे: थायरॉइड काढल्यावर रक्तातलं कॅल्शियम ७.४ (कमी)

वहिनींची पूर्ण थायरॉइड ग्रंथी काढून बारा दिवस झाले. ओठांभोवती मुंग्या येतात, काल नारळ खवताना बोटं आखडून अंगठा तळव्यात वळला. पीटीएच (रक्तातलं कॅल्शियम राखणारं, थायरॉइडमागच्या छोट्या ग्रंथींचं संप्रेरक) फारच कमी. सर्जनना लगेच कळवलं. त्यांनी डोस वाढवलाय. कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबतच, थायरॉक्सिन (थायरॉइड संप्रेरकाची गोळी) पहाटे उपाशीपोटी, दोन्हींत चार तास अंतर. सोबत कॅल्सिट्रिऑल (ड जीवनसत्त्वाचं कार्यक्षम रूप), कारण पीटीएचशिवाय मूत्रपिंडं साधं डी-३ नीट कार्यक्षम करत नाहीत. म्हणून डी-३ची साठ हजार युनिटची पुडी एकटी पुरत नाही.

मॅग्नेशियम मात्र तपासलेलंच नाही! ते कमी असेल तर कॅल्शियम वर येत नाही. देवगड-मालवण पट्ट्यात मॅग्नेशियम आणि अल्ब्युमिनचा (रक्तातलं प्रथिन, कॅल्शियमचा आकडा त्यावरून जुळवतात) रिपोर्ट त्याच दिवशी कुठे मिळेल? आणि रात्री आकडी आलीच, तर ईसीजी लावून शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट देणारं सर्वांत जवळचं ठिकाण कोणतं? कृपया खात्रीचंच सांगा.