अंड्याच्या कवचाचा पांढरा

व्हिएतनामी चित्रकार न्गुयेन जिया त्रीने ‘फ्रेंचांचं पर्स्पेक्टिव्ह (चित्रात खोली दाखवायची रीत) उचलून लॅकरवर (झाडाच्या चिकाच्या रोगणावर) चिकटवलं’, असं कुणीतरी म्हटलंय; ते मत काही पटलं नाही. हनोईच्या फ्रेंच कलाशाळेत (स्थापना १९२५) तो शिकला हे खरंच, पण हे माध्यम इतकं हट्टी की तैलरंगाची रीत तिथे जशीच्या तशी चालत नाही. झाडाच्या चिकाचे थरावर थर द्यायचे, प्रत्येक थर दमट हवेत वाळवायचा (हो, दमटच!) आणि मग पाण्याने घासत घासत खालचं सोनं, लाल रंग वर आणायचे. त्यात चीक मुळातच तपकिरी, पांढरा रंग मिसळला तरी मळकाच दिसणार. म्हणून बायकांच्या पांढऱ्या झग्यांसाठी तो अंड्याच्या कवचाचे बारीक तुकडे बसवायचा. जवळून पाहिलं तर तुकड्यांमधल्या काळ्या भेगा दिसतात आणि त्याच कापडाच्या चुण्या वाटतात. हे तैलरंगाच्या रीतीत कुठे बसतं?

घासण्यावरून आठवलं, हो ची मिन्ह सिटीच्या कलासंग्रहालयातलं त्याचं वसंतातल्या बागेचं प्रचंड चित्र साफ करताना चक्क भांडी घासायचा साबण आणि पॉलिशपेपर वापरले. २०१९ मध्ये ते उघडकीला आलं. तेही राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झालेलं चित्र!