जीरावनचा लोगो मतदानाने ठरवायचा का?

तिलकनगरवाला
परवा इथे आपल्या इंदूरच्या मराठी ग्रुपवर एका पोराने आपल्या जीरावनच्या (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) स्टार्टअपचे तीन लोगो टाकले आणि खाली लिहिलं, "तुम्हीच ठरवा, ज्याला जास्त मतं तो फायनल". पहिल्यात पोह्यांची प्लेट, दुसऱ्यात राजवाडा, तिसऱ्यात नुसतं नाव. मग सुरू झालं, राजवाडा छान आहे पण प्लेट पण हवी, लाल नको केशरी कर, वाफ दाखव, लिंबू राहिलं. रात्री त्याने चौथा टाकला, त्यात राजवाडा, प्लेट, वाफ, लिंबू सगळं होतं आणि नाव वाचायला मोबाईल डोळ्याशी धरावा लागत होता. मी पॅकेजिंगचंच काम करतो म्हणून खरंच राग आला, त्या पोराचा नाही, आपल्या सगळ्यांचा. पाच रुपयांच्या पाऊचवर लोगोला जागा किती असते? त्यातच हिरवा ठिपका, एफएसएसएआयचा नंबर, वजन, तारीख. लोकांना "कुठला आवडला" विचारूच नये. तो तिसरा, नुसत्या नावाचा, सगळ्यात चांगला होता आणि त्याला कोणी विचारलं पण नाही.

पोहेजलेबी
भिया, म्हणजे विकत आम्ही घ्यायचं आणि बोलायचं तुम्ही? स्वच्छ भारतचा गांधीजींच्या चष्म्याचा लोगो 2014 मध्ये लोकांकडूनच आला ना, कोल्हापूरच्या माणसाने केलेला. रुपयाचं चिन्ह पण स्पर्धेतूनच आलं. लोकांना कळत नाही हे डिझायनर लोकांचं ठरलेलं वाक्य आहे.

तिलकनगरवाला
दोन्ही ठिकाणी चित्रं लोकांकडून मागवली हो, पण कुठल्यातलं काय उचलून कुठे चिकटवायचं हे लोकांनी नाही सांगितलं. रुपयाच्या वेळी परीक्षकांनी पाच निवडली आणि 15 जुलै 2010 ला मंत्रिमंडळाने त्यातलं एक घेतलं. ते करणारे उदयकुमार आयआयटी मुंबईत डिझाइनमध्ये पीएचडी करत होते. आणि स्पर्धेचं दुसरं अंग पण बघा, एकाला बक्षीस मिळतं, बाकी सगळ्यांची मेहनत फुकट जाते.

रामबाग_प्रेस
माझं वेगळंच दुखणं आहे. रंग! पाऊचच्या ग्रॅव्ह्युअर छपाईत प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरावा लागतो, प्रत्येकाचे पैसे वेगळे. आमच्याकडे एक पार्टी लोणच्याचं डिझाइन घेऊन आली, घरातल्या प्रत्येकाच्या आवडीचा एकेक रंग त्यात. किंमत ऐकून गप्प बसले आणि शेवटी कोऱ्या पाऊचवर स्टिकर चिकटवून माल विकला. मत द्यायचं तर सिलिंडरचे पैसे पण द्या.

सरवटे_काकू
सगळं बोलताय आणि मुख्य गोष्ट कोणाच्या डोळ्यात आली नाही. चारही लोगोंत "ल" हिंदीचा आहे! मराठी घरातला मुलगा, ब्रँडच्या नावात ल दोनदा, आणि दोन्हीकडे दंडाचा, म्हणजे उजवीकडे सरळ उभी रेघ असलेला ल. आपला दोन पाकळ्यांसारखा दिसणारा, पाकळीचा ल गेला कुठे? महाराष्ट्र शासनाने 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श दिलाय. मी शाळेत तीस वर्षं मुलांकडून हेच गिरवून घेतलं.

पोहेजलेबी
काकू, शासन महाराष्ट्राचं, पाकीट इंदूरचं. देवास, उज्जैनच्या दुकानात जायचंय ते. तिथे कोण पाकळी बघतो?

सरवटे_काकू
का बघू नये? होळकरांच्या गावात आपण पिढ्यानपिढ्या राहतोय ते काय अक्षर विसरायला? माझी नात "लता" लिहिते तेव्हा दंडाचा ल काढते, कारण पुस्तकात तोच, मोबाईलमध्ये तोच, दुकानाच्या पाटीवर तोच. घरातली माणसं सुद्धा तोच लावणार असतील तर तिला दुसरा दिसणार कुठून?

रामबाग_प्रेस
फॉन्टचा दोष आहे काकू, पोराचा नाही. तो नाव टाइप करतो, जो ल येईल तो ठेवतो.

तिलकनगरवाला
दोष फॉन्टचा असला तरी उपाय आहे ना. टिरो देवनागरीचे मराठी, हिंदी आणि संस्कृत असे तीन वेगळे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. आणि लोगोत फॉन्ट लागतोच कशाला, दोन ल हाताने काढून घे.

पोहेजलेबी
म्हणजे फिरून तेच, तुमच्यासारख्याला पैसे द्या. त्या पोराकडे मसाला दळायला पैसे नाहीत, तुम्ही अक्षरं काढून घ्यायला सांगताय. माझ्या भावाने टिफिनच्या धंद्याला डिझायनर केला, पैसे पूर्ण दिले, नंतर मूळ फाइल मागितली तर म्हणे तिचे वेगळे द्या. म्हणून लोक ग्रुपवर विचारतात.

तिलकनगरवाला
सगळ्यांना त्या एका माणसाच्या मापाने मोजू नका! फाइल द्यायलाच हवी होती, ते चूकच. पण आधी लिहून घ्यायचं असतं. कॉपीराइट कायद्यात लेखी करार नसेल तर बाहेरच्या डिझायनरने काढलेल्या लोगोचा हक्क साधारणपणे त्याच्याकडेच राहतो, नुसते पैसे दिल्याने आपला होत नाही. ग्रुपवर कोणी फुकट काढून दिला तरी हेच.

पोहेजलेबी
हे आम्हाला माहीत नव्हतं. ठीक, एवढं मान्य. पण लोकांना विचारूच नये हे मला आजही पटत नाही.

जीरावन_स्टार्टअप
नमस्कार, तो मुलगा मीच. सगळं वाचलं. चौथा लोगो मी काढून टाकतोय. पण दादा, विचारायचं नाही तर मग कळणार कसं?

तिलकनगरवाला
विचार, पण मत नको मागू. पाऊचच्या मापात काळ्या-पांढऱ्यात प्रिंट काढ, किराणा दुकानात इतर पाकिटांमध्ये लटकव, दोन हात लांबून गिऱ्हाइकाला विचार की काय वाचलंत, आत काय असेल. जो नीट वाचला गेला तो ठेव. आणि छापायच्या आधी क्लास 30 मध्ये ट्रेडमार्क शोधून बघ, मसाले त्यातच येतात. स्टार्टअपला ऑनलाइन अर्जाची फी 4,500 आहे.

पोहेजलेबी
म्हणजे शेवटी लोकांनाच विचारायचं झालं की. हेच मी म्हणत होते.

तिलकनगरवाला
वाचता आलं का ते विचारायचं. आवडलं का ते नाही. यात फरक आहे ताई, आणि तो मी सोडणार नाही.

जीरावन_स्टार्टअप
दुकान मामाचंच आहे, रविवारी लटकवतो. काकू, दोन्ही ल काढून वेगवेगळे प्रिंट लावू का?

सरवटे_काकू
लाव. पण देवासच्या गिऱ्हाइकाला पाकळीचा वाचता आला तर मग दंडाचा ठेवायचा नाही, आत्ताच सांगते.