गाडीचा विमा म्हणजे मालाचा विमा नव्हे

'गाडीचा फुल इन्शुरन्स आहे, मालाचं टेन्शन नाही' असं वर एका दादांनी लिहिलंय, ते पटत नाही. फुल म्हणजे गाडीचं स्वतःचं नुकसान आणि थर्ड पार्टी. आत भरलेल्या द्राक्षाच्या पेट्यांशी त्याचा संबंध नाही. त्यासाठी ट्रान्झिट पॉलिसी, म्हणजे वाटेतल्या मालाचा विमा, वेगळी, आणि त्यातही क्लॉज, म्हणजे कशाकशाला संरक्षण आहे ते सांगणारं कलम, बघा: 'सी'मध्ये जेमतेम आग आणि वीज, 'बी'मध्ये टक्कर, गाडी उलटणं वगैरे, 'ए' सर्वांत व्यापक. पण 'ए' घेतला तरी उशीर वगळलेलाच असतो. कसारा घाटात जाम लागला आणि माल नरम पडला, तर क्लेम बसत नाही. पिंपळगावच्या व्यापाऱ्यांनी हे आधी वाचावं.

अजून एक, जे इथे कोणी बोललंच नाही: ट्रान्सपोर्टवाल्याला माल हरवल्याची किंवा खराब झाल्याची लेखी नोटीस. २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्यानुसार बुकिंगपासून १८० दिवसांत ती दिली नाही, तर त्याच्यावर दावा लावता येत नाही. विमा कंपनीला तुम्हाला पैसे दिल्यावर त्याच्याकडून वसुली करायची असते, त्यामुळे हा कागद नसला की क्लेम अडतो. आणि माल उतरवताना बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या पावतीवर) 'पेट्या ओल्या, ७ फुटक्या' असा शेरा मारून ड्रायव्हरची सही घ्या. नुसती पोच देऊन गाडी सोडली, की मग नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेअरसमोर बसा समजावत.